माफ करा, पण माझा प्रश्न तोच आहे

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक जुनी क्लिप लावली. करण थापर यांनी २००७ साली घेतलेली नरेंद्र मोदी यांची मुलाखत. मोदी तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते. थापर २००२ च्या दंगलींचा आणि त्यातून तयार झालेल्या प्रतिमेचा विषय काढतात. मोदी वळसा घालतात. थापर पुन्हा तिथंच येतात. मोदी पाणी मागतात आणि मुलाखत तिथंच थांबते. सगळं मिळून जेमतेम तीन मिनिटं.

भाच्याला वाटलं होतं, अब्बा खूश होतील. अब्बा म्हणाले, "बदतमीज़ आहे हा पत्रकार. समोरचा बोलतोय तर त्याला बोलू द्यावं ना."

अब्बा आता पंचाहत्तरीचे आहेत. उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. २००२ च्या मार्चमध्ये ते रोज पेपर वाचून त्याची घडी घालून ठेवायचे आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत, हे मला चांगलं आठवतं. तेव्हा त्यांना मोदींचा पुळका आला असं कुणी समजू नये. त्यांचा आक्षेप रीतीवर होता. आम्हा भावंडांना त्यांनी लहानपणी जे चार-दोन नियम घालून दिले, त्यातला एक हा: बड़ों की बात नहीं काटते.

भाचा म्हणाला, "नाना, पण उत्तर कुठे दिलं त्यांनी?"

"नाही दिलं तर नाही दिलं. बघणाऱ्याला कळतं की. म्हणून काय माणसाला चारचौघांत धरून ठेवायचं?"

हा वाद बहुतेक घरांमध्ये होत असणार. एक बाजू म्हणते, नेत्याला असं टोचून, तोडून, पुन्हा पुन्हा तेच विचारणं म्हणजे उद्धटपणा. दुसरी म्हणते, नाहीतर तो उत्तर देणारच नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. बोलण्याचा अदब शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे मी अब्बांच्या बाजूनं उभी राहीन असं भाच्याला वाटलं. पण मी राहिले नाही. त्याचं कारण माझ्याच शाळेत घडलेलं आहे, आणि ते मला अभिमानानं सांगता येत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत दोन नव्या खोल्या बांधून झाल्या होत्या आणि उद्घाटनाला एक लोकप्रतिनिधी आले होते. मांडव, हार, शाली, सगळं रीतसर. भाषण झाल्यावर साहेब मोकळेपणानं म्हणाले, "मुलांनो, मला काही विचारायचं असेल तर विचारा." अशा वेळी कुणी काय विचारायचं हे आम्ही शिक्षकांनी आदल्या दिवशीच ठरवून दिलेलं असतं. "सर, तुम्हाला लहानपणी कोणता खेळ आवडायचा?" वगैरे. तसे दोन प्रश्न झाले. मग सातवीतली एक मुलगी उठली. तिला कुणी प्रश्न दिला नव्हता. मी शिकवलेल्या मराठीत तिनं स्वच्छ विचारलं, "सर, मुलींच्या शौचालयात पाणी कधी येणार?"

साहेब हसले. मुलगी हुशार आहे म्हणाले. मग सावित्रीबाईंबद्दल बोलले. एक मुलगी शिकली की दोन घरं शिकतात, असं म्हणाले. आपण लहानपणी किती लांब चालत शाळेत जायचो तेही सांगितलं. पाच-सहा मिनिटं छान बोलले. टाळ्या झाल्या. मुलगी अजून उभीच होती. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "सर, पण पाणी कधी येणार?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढं झाले आणि दबक्या आवाजात तिला म्हटलं, "बैठ जा बेटा. बेअदबी नहीं करते." ती बसली.

पाणी दीड वर्षानं आलं, तेही पालकांनी वर्गणी काढून टाकी बसवली तेव्हा. तोवर मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि त्यातल्या बऱ्याच जणी दुपारी परत यायच्या नाहीत. हजेरीपट मीच भरत होते, त्यामुळे हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मांडवात कुणाचं बोलणं तोडलं गेलं? विषय सोडून सहा मिनिटं बोलणाऱ्याचं नाही. नेमका प्रश्न विचारणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीचं. आणि तोडणारी मी होते, अदबीच्या नावाखाली.

तेव्हापासून 'मध्ये बोलणं' या गोष्टीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करते. 'मुलाखत' हा शब्द मराठीत आला तो 'मुलाक़ात'वरून. उर्दूत मुलाक़ात म्हणजे भेट. मराठीनं तो शब्द घेतला आणि त्याला प्रश्नोत्तरांचा अर्थ दिला. उर्दूनं मात्र त्यासाठी 'इंटरव्ह्यू' हाच शब्द ठेवला. त्यामुळे माझ्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी निबंधात लिहितं, "सुट्टीत मी मामूंची मुलाखत घ्यायला पुण्याला गेलो." मी लाल शाईनं दुरुस्त करते आणि सगळा वर्ग हसतो.

पण हीच चूक मोठी माणसंही करतात. नेत्याची मुलाखत ही ते मुलाक़ात समजून घेतात. भेटीचे नियम वेगळे असतात. पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल असं विचारू नये, त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं, तो जे बोलेल त्यात गोडी मानावी. मराठीत प्रकट मुलाखतींची जी परंपरा आहे ती अशीच आहे, आणि लेखक, गायक, नट यांच्यासाठी ती योग्यच आहे. गायकानं माझं काही देणं लागत नाही. तो मनापासून बोलला तर माझाच फायदा. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवार यांची जाहीर मुलाखत घेतली, तेव्हा महाराष्ट्रानं ती आवडीनं ऐकली. मीही ऐकली. 'सामना'तून संजय राऊत उद्धव ठाकरे यांची मुलाखत घेतात, म्हणजे पक्षाच्या मुखपत्राचा संपादक पक्षप्रमुखाला प्रश्न विचारतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत अक्षय कुमार यांनी पंतप्रधानांना आंबे आवडतात का, कसे खाता, हे विचारलं. या सगळ्या मुलाक़ाती आहेत. त्या व्हाव्यात. फक्त त्या झाल्या म्हणजे नेत्यानं जनतेला उत्तर दिलं, असं कुणी समजू नये.

दुसरा शब्द 'जबाबदार'. मुळात जवाब, त्याला फ़ारसीतला 'दार' जोडला. दुकानदार, ज़मीनदार, तसा जबाबदार. ज्याच्याकडे जवाब असायला हवा तो. आपण हा शब्द इतका वापरून गुळगुळीत केला आहे की त्यातला जवाब आता कुणाला ऐकूच येत नाही. "मंत्री जबाबदार असतो" हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य मुलं पाठ करतात. त्याचा साधा अर्थ असा, की विचारलं तर त्यानं सांगितलं पाहिजे.

आता त्या २००७ च्या मुलाखतीकडे परत जाऊ. थापर यांनी २०१८ साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात, की मुलाखत थांबल्यावरही ते बराच वेळ तिथं होते, पुन्हा बसण्यासाठी मनधरणी करत होते, आणि मोदींनी त्यांना चहा, मिठाई, ढोकळा असा सगळा पाहुणचार केला. मी हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, ही तहज़ीब." बरोबर आहे. भेट म्हणून त्यात काही कमी नव्हतं. फक्त जवाब नव्हता.

याच थापर यांनी २००४ साली बीबीसीसाठी जयललिता यांची मुलाखत घेतली होती. त्या मुख्यमंत्री होत्या. त्या मुलाखतीत दोघांची चांगलीच खडाजंगी झाली. शेवटी थापर यांनी रीतीप्रमाणे बोलून आनंद झाला म्हटलं, तर जयललिता यांनी तोंडावर सांगितलं की तुमच्याशी बोलून मला आनंद झालेला नाही. शिष्टाचाराच्या वहीत याला शून्य गुण. पण त्या शेवटपर्यंत बसल्या. चिडून का होईना, प्रश्नांना तोंड देत राहिल्या. नागरिक म्हणून मला विचाराल तर ढोकळ्यापेक्षा ते चिडणं माझ्या जास्त उपयोगाचं आहे.

अशा मुलाखतींची मोठी परंपरा ब्रिटनमध्ये आहे. तिथंही हे सुरुवातीपासून असं नव्हतं. टीव्हीच्या पहिल्या काळात मंत्र्याला "आपल्याला काही सांगायचं आहे का" अशा थाटात विचारत. १९५८ साली रॉबिन डे यांनी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांवर होणाऱ्या टीकेबद्दल थेट विचारलं, तर पंतप्रधानाला असं विचारावं का यावरच पेपरांत चर्चा झाली. म्हणजे अब्बांचा प्रश्न तिथंही विचारून झालेला आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १३ मे १९९७ चं. बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमात जेरेमी पॅक्समन यांच्यासमोर मायकल हॉवर्ड बसले होते. ते नुकतेच गृहमंत्रिपदावरून गेले होते आणि हुजूर पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते. मंत्री असताना एका तुरुंगाच्या अधीक्षकावर कारवाई करण्यावरून त्यांचा तुरुंग खात्याचे प्रमुख डेरेक लुईस यांच्याशी वाद झाला होता. पॅक्समन यांचा प्रश्न एवढाच होता: तुमचा निर्णय मी फिरवीन अशी धमकी तुम्ही लुईस यांना दिली होती का? हॉवर्ड म्हणाले, मला तसा अधिकार नव्हता. प्रश्न पुन्हा तोच. हॉवर्ड म्हणाले, मी तसा आदेश दिला नाही. पण आदेश दिला का, हे कुणी विचारलंच नव्हतं. धमकी दिली का, हे विचारलं होतं. असं डझनभर वेळा झालं. प्रश्नाचे शब्दसुद्धा बदलले नाहीत.

त्या मुलाखतीतली एक गोष्ट मला फार आवडते. मध्येच पॅक्समन म्हणतात, माफ करा, मी आता फार उद्धटपणा करणार आहे, पण हा हो किंवा नाही असा सरळ प्रश्न आहे. हे ऐकलं आणि मला आमच्या उर्दूतला एक जुना वाक्प्रयोग आठवला. क़ता-कलामी माफ़. म्हणजे, आपलं बोलणं तोडतोय, माफी असावी. लखनौ-हैदराबादच्या बैठकींमधून आलेली ही भाषा, जिच्यात स्वतःला 'नाचीज़' आणि दुसऱ्याच्या घराला 'दौलतख़ाना' म्हणतात. त्या भाषेनंही बोलणं तोडण्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं आहे. मध्ये बोलायची कधी गरजच पडत नसती, तर हे वाक्य जन्माला आलं असतं का? अदब म्हणजे कधीच मध्ये बोलायचं नाही, असं नाही. मध्ये बोलावं लागलं तर माफी मागून बोलायचं, हा अदब. "बड़ों की बात नहीं काटते" हे अर्धंच शिकवलं गेलं. उरलेलं अर्धं, म्हणजे मोठी माणसं विषय सोडून पळायला लागली तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. मीही शिकवलं नव्हतं.

पॅक्समन यांनी पुढे गमतीत सांगितलं, की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता, म्हणून त्यांना वेळ काढायचा होता. असू दे. तेवढ्या वेळात बघणाऱ्यांना जे कळायचं ते कळलं. हॉवर्ड त्या नेतेपदाच्या निवडणुकीत पहिल्याच फेरीत शेवटच्या क्रमांकावर राहिले. ते या मुलाखतीमुळेच, असं मी म्हणणार नाही. राजकारणात एका कारणानं काही होत नाही. पुढे २००३ साली ते पक्षाचे नेते झाले. २००४ मध्ये पॅक्समन यांनी त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं: नाही, धमकी दिली नव्हती. सात वर्षांनी का होईना, उत्तर मिळालं.

पुन्हा पुन्हा विचारल्यानं कधी कधी उत्तर हाती लागतं, याचं आपल्याकडचंही उदाहरण आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी राहुल गांधी यांची अर्णब गोस्वामी यांनी घेतलेली मुलाखत दाखवली गेली. त्या मुलाखतीतून लोकांना राहुल यांची टिंगलच आठवते. प्रश्न काहीही असो, उत्तर माहितीच्या अधिकारावर आणि महिलांच्या सबलीकरणावर यायचं. पण १९८४ च्या शीखविरोधी दंगलीबद्दल गोस्वामी यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा काही काँग्रेसजन त्यात बहुधा सामील होते, हे राहुल यांच्या तोंडून आलं. ज्यांची माणसं त्या दंगलीत गेली त्यांच्यासाठी हे वाक्य छोटं नाही. पहिल्या उत्तरावर मान डोलावून पत्रकार पुढं गेला असता, तर ते आलंच नसतं.

मला हाच चिवटपणा महाराष्ट्रात हवा आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यानंतर या राज्यात सगळे मोठे पक्ष आळीपाळीनं सत्तेत बसले. किती मुख्यमंत्र्यांना मराठी पत्रकारांनी समोर बसवून विचारलं, की त्या शिफारशींचं काय केलंत? आणि "कायदा आपलं काम करील" असं उत्तर आल्यावर, "माफ करा, पण माझा प्रश्न तुम्ही काय केलंत हा आहे" असं किती जणांनी म्हटलं? २०२२ साली, म्हणजे दंगलीनंतर तीस वर्षांनी, बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला सरकारला सांगावं लागलं. हेच काम तीस वर्षांत एखाद्या टीव्ही मुलाखतीतून पुढं सरकलं असतं, तर काही म्हाताऱ्या आयांना वाट बघत मरावं लागलं नसतं.

आता कुणी म्हणेल, मग रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर जे चालतं ते तुम्हाला आवडत असणार. तिथं तर कुणी कुणाला एक वाक्य पुरं करू देत नाही.

नाही. ते मला अजिबात आवडत नाही. एका चौकटीत टोपी-दाढीवाला एखादा मौलाना बसवायचा, ज्याच्या हातात ना खातं, ना सही, ना पोलीस. आणि त्याच्यावर ओरडायचं: बोला, बोला, देशाला उत्तर द्या. तो तोंड उघडतो तोवर पुढचा आरोप. घरात आम्ही हे बघतो तेव्हा आमची मुलं शेजारी बसलेली असतात. २०२० च्या उन्हाळ्यात तबलीगी जमातच्या नावानं काय काय दाखवलं गेलं ते विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतल्या प्रचाराबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलं आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. त्या दिवशी ओरडणारे अँकर कुठल्या मंत्र्यावर ओरडले?

तेव्हा मध्ये बोलणं चांगलं की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे. समोर कोण बसलं आहे, हे आधी बघावं लागतं. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याला तोडणं आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्याला तोडणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं पत्रकारितेचं, दुसरं गुंडगिरीचं. मग बघायचं, काय तोडलं. उत्तर चालू असताना तोडलं तर तो उद्धटपणा, मग समोर कितीही मोठा नेता असो. पळवाट चालू असताना तोडलं तर ती गरज. चांगला शिक्षक हे ओळखतो. तोंडी परीक्षेत मुलगा अडखळत का होईना उत्तराकडे जात असेल तर आम्ही थांबतो. नदीवरचा प्रश्न विचारल्यावर तो पाठ केलेला गाईचा निबंध सुरू करतो, तेव्हा थांबवतो.

आणि तिसरं, सगळ्यांना सारखंच. ज्या गोस्वामी यांनी २०१४ मध्ये राहुल गांधींचा पिच्छा पुरवला, त्यांनीच २०१६ च्या जूनमध्ये पंतप्रधान मोदी यांची मुलाखत घेतली तेव्हा नेहमीचा आवाज कुठे गेला, असं अनेकांनी विचारलं होतं. मलाही तेच वाटलं. कठोरपणा हा स्वभाव असेल तर तो सगळ्यांसमोर दिसायला हवा. माणूस बघून तो चढत-उतरत असेल, तर मग ती कठोरता नव्हे, नोकरी.

अब्बांच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो टाळून मला पुढं जाता येत नाही. असं धरून विचारलं की नेते यायचेच बंद होतात. ब्रिटनमध्ये २०१९ च्या निवडणुकीआधी बोरिस जॉन्सन अँड्र्यू नील यांच्यासमोर बसलेच नाहीत. नील यांनी कॅमेऱ्याकडे बघून, जे प्रश्न विचारायचे होते ते लोकांना सांगितले. आठवड्याभरात जॉन्सन मोठ्या बहुमतानं निवडून आले. मोदीही २००७ च्या त्या मुलाखतीनंतर दोनच महिन्यांत गुजरात पुन्हा जिंकले. २०१९ च्या मे महिन्यात ते पंतप्रधान म्हणून पत्रकार परिषदेत बसले, पण प्रश्नांची उत्तरं पक्षाध्यक्षांनी दिली. निकाल काय लागला ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे उत्तर न देण्यानं मतं जातातच असं नाही. मग या मुलाखतींचा फायदा काय?

मी यावर बराच विचार केला. माझं उत्तर साधं आहे. नोंद राहते. हजेरीपटात ग़ैरहजेरीची खूणही मांडावी लागते, तशी. प्रश्न विचारला होता, त्या दिवशी, त्या माणसाला, आणि उत्तर मिळालं नाही, एवढं कागदावर राहिलं पाहिजे. माझा भाचा अकरावीत आहे. ती तीन मिनिटं घडली तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता. ती तो आज बघतो आणि विचारतो, "पण उत्तर कुठे दिलं?" थापर यांनी अब्बांच्या मनासारखी गोड मुलाक़ात घेतली असती, तर ती कुणी इतक्या वर्षांनी बघितली नसती, आणि हा प्रश्नही भाच्याला पडला नसता. आणि नेते येत नाहीत म्हणून प्रश्न मऊ करायचे, हे तर मुलं परीक्षेला बसत नाहीत म्हणून पेपर सोपा काढण्यासारखं झालं.

आमच्या लोकांनाही एक गोष्ट सांगायची आहे, कारण इथं आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. हज़रत उमर यांची एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वाटणीत प्रत्येकाला कापडाची एकच चादर आली होती. ख़लीफ़ा उमर मात्र दोन चादरींचा पोशाख घालून ख़ुतबा द्यायला उभे राहिले. एकानं उठून सांगितलं, आम्ही ऐकणार नाही, आधी दुसरी चादर कुठून आली ते सांगा. उमर यांनी ख़ुतबा थांबवला. मुलाला उभं केलं. मुलानं सांगितलं, माझ्या वाट्याची मी वडिलांना दिली, कारण ते उंच आहेत, एका चादरीत त्यांचा पोशाख होत नव्हता. मग विचारणारा म्हणाला, आता बोला, आम्ही ऐकतो. ख़ुतबा चालू असताना एरवी शेजाऱ्याला "गप्प बस" म्हणायचीही मुभा नसते. त्यात ख़लीफ़ालाच थांबवलेलं, आणि ख़लीफ़ानं उत्तर दिलेलं.

ही गोष्ट आपण जलशांमध्ये किती अभिमानानं सांगतो! आणि त्याच जलशानंतर संस्थेच्या बैठकीत कुणी तरुणानं जमाख़र्च मागितला, तर त्याला काय ऐकायला मिळतं? "बुज़ुर्गों से ऐसे बात नहीं करते." मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. गोष्ट सांगणारे आणि गप्प बसवणारे तेच होते. मंत्र्यानं उत्तर द्यावं असं वाटत असेल, तर आपल्या सदर साहेबांनाही दुसऱ्यांदा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागेल. घरात ज्यानं कधी विचारलं नाही, तो बाहेर कुठून विचारणार?

त्या रविवारी मी अब्बांना शाळेतल्या त्या मुलीची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग पाणी आलं का?"

"दीड वर्षानं."

"आणि तू तिला खाली बसवलंस?"

"हो."

ते म्हणाले, "मीही बसवलं असतं." एवढंच. पुन्हा बदतमीज़ हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही.

आता वर्गात मुलाखतीचा सराव घेते तेव्हा मी एकाला सरपंच करते आणि त्याला सांगते, तू विषय सोडून बोलायचं, जितकं गोड बोलता येईल तितकं बोल. पोरं यात तरबेज असतात. बाकीच्यांना सांगते, त्याचं म्हणणं ऐका. उत्तर देत असेल तर मध्ये बोलू नका. देत नसेल तर हात वर करा, "माफ करा" म्हणा आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा. आवाज चढवायचा नाही. चिडायचं नाही. पण खाली बसायचं नाही. सुरुवातीला मुलं लाजतात, खास करून मुली. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज थरथरतो. चौथ्या वेळी थरथरत नाही.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. बाजारात दिसली की लांबूनच सलाम करते, टीचर कशा आहात विचारते. मी तिची कधी माफी मागितली नाही. दरवेळी वाटतं, आता काय ते जुनं उकरायचं. हे लिहिताना लक्षात आलं, की मीही उत्तर टाळतेच आहे. या वेळी भेटली की आधी तेच बोलणार आहे.